मँडरिन शिका, पण चीनची भाषा एकच आहे असं समजून नव्हे

भारतात भाषेचा वाद पेटला की एक दाखला सहज पुढे केला जातो. चीनमध्ये एकच भाषा आहे, म्हणून तो देश पुढे गेला. आपण बावीस भाषांत अडकून पडलो. मँडरिनच्या, म्हणजे चीनच्या अधिकृत भाषेच्या, वर्गात येणारा विद्यार्थीही बहुधा याच समजुतीने येतो. एक भाषा शिकली की एकशे चाळीस कोटी माणसांशी बोलता येईल, असा त्याचा हिशेब असतो. दाखलाही चुकीचा आहे आणि हिशेबही. दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे, म्हणून त्यांचा विचार एकत्रच करायला हवा.

आधी दाखला तपासू. चीनने बाहेरच्या भांडवलाला दारं उघडली तेव्हा, 1980 साली, पहिली चार विशेष आर्थिक क्षेत्रं ठरली: शेनझेन, झुहाई, शांतौ आणि शियामेन. यांतल्या एकाही ठिकाणची घरात बोलली जाणारी भाषा मँडरिन नव्हती. शेनझेनच्या परिसरात कँटनीज आणि हक्का, झुहाईत कँटनीजच्याच कुळातली भाषा, शांतौत तेओच्यू, शियामेनमध्ये होक्किएन. हाँगकाँग, मकाव, तैवान, थायलंड, मलेशिया, सिंगापूर इथे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेले चिनी याच किनाऱ्यावरून गेले होते आणि त्यांचा पैसा परत यावा हा या निवडीमागचा मोठा हेतू होता. बँकॉकचा व्यापारी शांतौत उतरला की आजोबांच्या भाषेत बोलणी करू शकत होता. पुढे खासगी उद्योगासाठी गाजलेलं वेनझोउ हे शहर तर अशी भाषा बोलतं, जी शेजारच्या जिल्ह्यातल्या लोकांनाही उमगत नाही.

चिनी शिक्षण मंत्रालयाचीच आकडेवारी पाहावी. 2000 साली देशातले सुमारे 53 टक्के लोक प्रमाण भाषेत, म्हणजे प्रमाण मँडरिनमध्ये, संवाद साधू शकत होते. 2020 मध्ये हा आकडा 80.72 टक्क्यांवर गेला. म्हणजे वाढीची पहिली वीस वर्षं संपली तेव्हाही जवळपास निम्मा देश सामायिक भाषेत बोलू शकत नव्हता. प्रमाण भाषेचा प्रसार आर्थिक वाढीच्या मागोमाग झाला. स्थलांतर, शहरं, दूरदर्शन आणि शाळा यांनी तो केला. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करून आपण दुसऱ्या देशाच्या इतिहासातून धडे काढू लागलो, तर ते धडे आपल्यालाच महागात पडतील.

ही प्रमाण भाषा घडली कशी, हेही माहीत असावं. 1913 साली बेजिंगमध्ये उच्चार एकत्रीकरणासाठी परिषद भरली. प्रांतांच्या प्रतिनिधींनी साडेसहा हजारांहून अधिक अक्षरांचे उच्चार मतदानाने ठरवले. त्या तडजोडीतून जो उच्चार निघाला तो उत्तरेचा थोडा, दक्षिणेचा थोडा असा होता. तो कुणाचीच मातृभाषा नव्हता, त्यामुळे शिकवायला माणसंच मिळेनात. अखेर 1932 च्या अधिकृत शब्दसूचीत बेजिंगचा उच्चार प्रमाण मानला गेला. 1956 मध्ये साम्यवादी सरकारने 'फुथोंगहुआ' म्हणजे सर्वसामान्य भाषा अशी तिची व्याख्या केली: उच्चार बेजिंगचा, पाया उत्तरेकडच्या बोलींचा, व्याकरण आधुनिक बोलभाषेतल्या आदर्श लेखनाचं. 1958 मध्ये पिनयिन ही रोमन लेखनपद्धती मंजूर झाली. हे सगळं मोठ्या कष्टाचं आणि उपयोगाचं काम होतं. पण ते कामच होतं. निसर्गतः एक असलेल्या देशाला फक्त नाव देणं एवढंच ते नव्हतं.

1987 च्या चिनी भाषा-नकाशासंग्रहात चिनी भाषांचे दहा गट मानले आहेत: मँडरिन, जिन, वू, हुई, श्यांग, गान, हक्का, यूए, पिंगहुआ आणि मिन. वू म्हणजे शांघाय, सुझोउ, वेनझोउचा प्रदेश. यूए म्हणजे कँटनीजचं कुळ. या दोन्हींचे बोलणारे प्रत्येकी सात-आठ कोटींच्या घरात आहेत. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8.3 कोटी होते. चिनी सरकार आणि बहुतेक चिनी माणसं या सर्वांना 'फांगयान' म्हणजे त्या त्या भागाची बोली म्हणतात. मराठी वाचक 'बोली' म्हटल्यावर प्रमाण मराठी आणि वऱ्हाडी किंवा मालवणी यांच्यातलं अंतर डोळ्यांपुढे आणतो. कँटनीज आणि मँडरिन यांच्यातलं अंतर त्याहून कितीतरी मोठं आहे. मराठी आणि बंगाली यांच्यातलं अंतर मनात धरलं तर अंदाज जास्त बरोबर येईल.

नुसत्या उच्चाराचा हा फरक नाही. 'तो' ला मँडरिनमध्ये 'था', कँटनीजमध्ये 'खेउइ'. नकार मँडरिनमध्ये 'पू', कँटनीजमध्ये नुसता 'म्'. 'आहे' साठी एकीकडे 'षि', दुसरीकडे 'हाय'. शब्दांचा क्रमही बदलतो. 'तू आधी जा' हे मँडरिनमध्ये 'तू आधी जा' असंच येतं, कँटनीजमध्ये 'तू जा आधी' असं. 'मी त्याच्यापेक्षा उंच आहे' हे मँडरिन 'मी, त्याच्या तुलनेत, उंच' असं मांडते. कँटनीज 'मी उंच, त्याच्या पलीकडे' असं. बेजिंगच्या माणसाला कधी न ऐकलेली कँटनीज समजत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

'पण लिपी तर एकच आहे ना?' हा प्रश्न लगेच येतो. त्याचं उत्तर नीट समजून घ्यावं, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे. हाँगकाँगचा मुलगा वर्तमानपत्र वाचतो तेव्हा तो स्वतःची भाषा वाचत नसतो. मँडरिनच्या व्याकरणाने आणि शब्दांनी लिहिलेला मजकूर तो कँटनीज उच्चारात वाचत असतो. 'खेउइ' बोलणारा मुलगा शाळेत 'था'चं अक्षर लिहायला शिकतो. म्हणजे कागदावरची एकता ही त्याने वर्षानुवर्षं शिकून कमावलेली असते. हाँगकाँगमध्ये कँटनीज बोलतात तशी लिहिण्याचीही रीत आहे. जाहिराती, चॅट, न्यायालयातल्या जबान्या यांत ती दिसते, आणि तिच्यासाठी वेगळी अक्षरं लागतात. ती बेजिंगच्या वाचकाला अडखळायला लावते.

आता शिकणाऱ्याकडे वळू. मराठी माणसाला मँडरिनसाठी जन्मजात मिळालेली एक सोय आहे आणि ती वर्गात बहुतेक वेळा वाया जाते. पिनयिन इंग्रजीच्या सवयीने वाचलं जातं. पिनयिनमधलं 'बी' अक्षर पाहून विद्यार्थी 'ब' म्हणतो. मँडरिनमध्ये घोष 'ब' नाहीच. 'बी' म्हणजे आपला 'प' आणि 'पी' म्हणजे ओठ पूर्ण मिटून, हवा सोडून म्हटलेला 'फ'. तसंच 'डी' आणि 'टी' म्हणजे 'त' आणि 'थ', 'जी' आणि 'के' म्हणजे 'क' आणि 'ख'. इंग्रजी बोलणाऱ्याला हा अल्पप्राण-महाप्राण भेद महिनोन्‌महिने घोटावा लागतो. आपण तो बाराखडीत शिकतो. मग तो इंग्रजी अक्षरांच्या आडून का शिकवायचा? वर्तमानपत्रातलं 'बीजिंग' हे त्या शहरात 'पेइचिंग' असं ऐकू येतं.

याहून मोठी सोय म्हणजे आपले दोन 'च'. 'चोर' मधला दंततालव्य च आणि 'चिमणी' मधला तालव्य च हे हिंदी भाषकाला वेगळे करता येत नाहीत. मँडरिनमध्ये हा भेद अर्थ बदलतो. पिनयिनचं 'झेड' म्हणजे 'चोर'चा च, 'जे' म्हणजे 'चिमणी'चा च. 'क्यू' म्हणजे 'छत्री'चा छ. 'सी' म्हणजे 'चोर'च्या च चा महाप्राण. तो मराठीत नाही, तेवढा एक नवा शिकावा लागतो. 'एक्स' म्हणजे तालव्य श. 'एस-एच' म्हणजे मूर्धन्य ष, जो आपण लिहितो पण आता श सारखाच उच्चारतो. इथे जीभ खरोखर मागे वळवावी लागते. त्याच जागी जीभ ठेवून 'झेड-एच' आणि 'सी-एच' ही जोडी साधते. पहिल्या दोन आठवड्यांत हा तक्ता मराठीतून शिकवला, तर उच्चारांचं निम्मं ओझं उतरतं.

खरी अडचण सुरांची, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणाऱ्या आवाजाच्या चढउतारांची. मँडरिनमध्ये चार सूर आणि एक हलका, सुराविना उच्चार. आवाजाची पट्टी एक ते पाच धरली तर पहिला सूर पाचवर स्थिर राहतो, दुसरा तीनवरून पाचवर चढतो, चौथा पाचवरून एकवर कोसळतो. तिसरा पुस्तकात दोन-एक-चार असा, खाली जाऊन वर येणारा दाखवतात. बहुतेक चुकांचं मूळ हे चित्र आहे. ओघात बोलताना तिसरा सूर बहुधा नुसता खाली राहतो. वर येतो तो सुटा म्हटला किंवा वाक्याच्या शेवटी जोर देऊन म्हटला तरच. विद्यार्थी प्रत्येक वेळी तो हेलकावा पूर्ण करतो. मग वाक्य लांबतं, पुढचा सूर चुकतो आणि ऐकणाऱ्याला तो दुसरा सूर वाटतो. दोन तिसरे सूर लागोपाठ आले तर पहिल्याचा दुसरा होतो, हा नियम सगळेच शिकवतात. तिसरा सूर खालीच ठेवायचा, हे मात्र थोडेच शिकवतात.

सुटे सूर पाठ करण्यात फारसा अर्थ नाही. दोन अक्षरी शब्दांच्या जोड्या घ्याव्यात: पहिल्या जागी चार सूर, दुसऱ्या जागी चार सूर आणि हलका उच्चार, म्हणजे वीस जोड्या. त्यांतली तिसरा-तिसरा ही जोडी कानाला दुसरा-तिसरा हिच्यासारखीच लागते, म्हणून प्रत्यक्षात एकोणीस. प्रत्येक जोडीचे पाच नेहमीचे शब्द घेऊन रोज दहा मिनिटं ऐकणं आणि म्हणणं पहिले तीन महिने चालवावं. मराठी भाषकाची एक खास चूक यातून पकडता येते. प्रश्न विचारताना आपण वाक्याच्या शेवटी आवाज चढवतो, आणि त्या चढाने शेवटच्या शब्दाचा सूर मोडतो. 'माय' खालच्या तिसऱ्या सुरात म्हणजे विकत घेणं, कोसळत्या चौथ्या सुरात म्हणजे विकणं. व्यापाऱ्याने विचारताना आवाज वर नेला की घ्यायचं आहे की विकायचं आहे, हेच समोरच्याला कळेनासं होतं. मँडरिनमध्ये प्रश्नासाठी 'मा' हा शब्द आहे किंवा क्रियापद नकारासह दोनदा म्हणायची रीत आहे. सुराला हात लावायची गरज नसते.

इतकं साधलं की विद्यार्थ्याला वाटतं, आता ऐकलेलं कळेल. इथेच अभ्यासक्रम त्याला वाऱ्यावर सोडतो. चीनमध्ये 1994 पासून प्रमाण भाषेची परीक्षा घेतली जाते. शंभरपैकी 97 गुणांच्या वर सर्वोच्च श्रेणी. राष्ट्रीय पातळीवरच्या निवेदकांकडून तिची अपेक्षा असते. चिनी भाषेच्या शिक्षकाला साधारण 87, इतर शिक्षकांना 80, आणि सर्वांत खालची श्रेणी 60 पासून. पाठ्यपुस्तकाच्या ध्वनिमुद्रणातला आवाज हा सर्वोच्च श्रेणीतला असतो. ज्याच्याशी प्रत्यक्ष बोलायचं, तो गोदामवाला, टॅक्सीचालक, कारखान्याचा मालक हा बहुतेक वेळा खालच्या श्रेण्यांमधला किंवा कधी परीक्षेला न बसलेला असतो. त्याच्या मँडरिनमध्ये त्याची घरची भाषा डोकावते, आणि ते डोकावणं अनियमित नसतं. त्याचे नियम आहेत आणि ते शिकवता येतात.

दक्षिणेत, शांघायपासून ग्वांगझोउपर्यंत आणि तैवानातही, मूर्धन्य ष चा साधा स होतो. 'सि' म्हणजे चार, 'षि' म्हणजे दहा. चौदा म्हणजे 'षि-सि', चाळीस म्हणजे 'सि-षि'. ष गेला की दोन्ही 'सि-सि' होतात आणि फरक फक्त सुरांत उरतो: चौदामध्ये आधी चढ मग उतार, चाळीसमध्ये आधी उतार मग चढ. ज्याने सूर ढिलाईने शिकले तो इथे किमतीत फसतो. चिनी लोक स्वतः अशा वेळी एका हाताच्या बोटांनी एक ते दहा आकडे दाखवतात. त्या खुणा पहिल्या महिन्यातच शिकाव्यात. सिचुआन, हुनान, हुबेईच्या बऱ्याच भागांत न आणि ल यांची सरमिसळ होते. दूध म्हणजे 'न्यौनाय', ते 'ल्यौलाय' असं कानावर येतं. हुनान आणि फूच्येनच्या काही भागांत ह आणि फ एकमेकांची जागा घेतात, त्यामुळे 'हुनान'चं 'फुलान' होतं. शेवटचे 'इन' आणि 'इंग' दक्षिणेत एक होतात. उलट बेजिंगमध्ये शब्दांच्या शेवटी र चिकटतो, तो तैवानमध्ये जवळपास ऐकूच येत नाही. तैवानात कचऱ्याला 'लसअ', मुख्य भूमीवर 'लाची'. 'थुतोउ' म्हणजे बेजिंगमध्ये बटाटा, तैपेईत शेंगदाणा.

मँडरिनच्या स्वतःच्या कुळातही सूर बदलतात, याकडे तर फारच थोडे लक्ष देतात. बेजिंगपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर तिआनजिन आहे. बेजिंगचा उंच स्थिर पहिला सूर तिथे खालचा होतो. चेंगदूमध्येही चार सूर आहेत, पण बेजिंगचा चढता दुसरा सूर तिथे खाली उतरतो आणि बेजिंगचा खालचा तिसरा सूर वरून कोसळतो. देंग शियाओपिंग आयुष्यभर सिचुआनी वळणाने बोलले, माओ हुनानी वळणाने. प्रमाण भाषा देशावर लादणाऱ्यांची स्वतःची भाषा प्रमाण नव्हती.

हा प्रश्न निव्वळ विद्यार्थ्यांच्या सोयीचा नाही, हे 2020 च्या फेब्रुवारीत वुहानमध्ये दिसलं. कोरोनाच्या साथीत शांदोंगहून वैद्यकीय पथक मदतीला आलं आणि वयस्क रुग्णांचं बोलणं त्यांना कळेना. पथकाने पोहोचल्यावर एक-दोन दिवसांतच वुहानच्या बोलीची छोटी पुस्तिका आणि ध्वनिमुद्रणं तयार केली; पुढे भाषातज्ज्ञांनी हुबेईभरच्या बोलींसाठी तशीच साधनं केली. लक्षात घ्यावं की वुहानची बोली मँडरिनच्याच कुळातली आहे आणि शांदोंगचीही. दुखतंय कुठे, श्वास लागतो का, हे विचारायला एकाच 'भाषे'तल्या डॉक्टर आणि रुग्णामध्ये दुभाषी साधन लागलं.

म्हणून माझ्या मते, प्रमाण भाषा सर्वांना यावी या धोरणात खोट नाही. तिच्यासाठी बाकीच्या भाषा मागे सारण्याच्या धोरणात आहे. पहिल्या बाजूचं म्हणणं गंभीरपणे घेतलं पाहिजे. ग्वेझोउच्या डोंगरातल्या मुलीला प्रमाण भाषा आली नाही तर शेनझेनच्या कारखान्यात तिचे हक्क तिला कळणार नाहीत, रुग्णालयात तिची फसगत होईल. तिला ती भाषा मिळालीच पाहिजे. पण ती मिळण्यासाठी शाळेच्या मधल्या सुट्टीत घरची भाषा बोलायला बंदी, नभोवाणीवरून हकालपट्टी आणि 'सुसंस्कृत माणसासारखं बोला' असे फलक यांची गरज काय? हाँगकाँगमध्ये जवळपास 88 टक्के लोक नेहमी कँटनीज बोलतात, आणि तिथल्या निम्म्याहून अधिक लोकांना प्रमाण चिनीही येते. एकीसाठी दुसरी सोडावी लागलेली नाही.

सोडायला लावलं की काय होतं, ते सिंगापूरने दाखवलं आहे. तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी 1979 मध्ये 'मँडरिन बोला' मोहीम सुरू केली. होक्किएन, तेओच्यू, कँटनीजमधले कार्यक्रम पुढच्या काही वर्षांत दूरदर्शन आणि नभोवाणीवरून काढले गेले. 2010 च्या जनगणनेत घरी मुख्यतः या भाषा बोलणारे 14.3 टक्के उरले होते, 2020 मध्ये 8.7. आजी-नातवंडांमधलं बोलणं तुटलं. 2016 मध्ये सरकारी योजना वृद्धांपर्यंत पोहोचवण्यासाठी सरकारच्याच पाठिंब्याने होक्किएनमधली मालिका काढावी लागली. ज्या भाषेला सरकारने घालवलं, तिच्याच दारात सरकारला जावं लागलं.

तैवानने उलटा रस्ता धरला, पण उशिरा. तिथेही लष्करी कायद्याच्या काळात शाळेत होक्किएन बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत. प्रसारणावरची बंधनं 1993 मध्ये उठली, 2001 पासून प्राथमिक शाळेत घरच्या भाषेचा तास आला, 2019 मध्ये राष्ट्रीय भाषा विकास कायदा अमलात आला आणि त्याच वर्षी होक्किएनची स्वतंत्र वाहिनी सुरू झाली. तरी तरुण पिढीचं बोलणं मँडरिनकडेच झुकलेलं आहे. आईबापांनी मुलांशी बोलणं एकदा सोडलं की आठवड्याचा एक तास ते परत आणू शकत नाही. ग्वांगझोउच्या लोकांना हे कळलं होतं. 2010 मध्ये आशियाई खेळांच्या निमित्ताने तिथल्या वाहिनीवरची कँटनीज कमी करण्याची सूचना पुढे आली, तेव्हा त्या जुलैमध्ये च्यांगनानशी मेट्रो स्थानकाबाहेर शेकडो लोक जमले. ते प्रमाण भाषेच्या विरोधात नव्हते. बहुतेकांना ती उत्तम येत होती.

भारतापुरता प्रश्न वेगळ्या जागी अडला आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरणाच्या 2019 च्या मसुद्यात शाळेत शिकवायच्या परदेशी भाषांमध्ये चिनीचा उल्लेख होता. 2020 च्या अंतिम धोरणात कोरियन, जपानी, थाई यांची नावं आहेत, चिनीचं मात्र गेलं. सीमेवरच्या तणावात घेतलेला हा निर्णय समजू शकतो, पण तो चुकीचा आहे. ज्या शेजाऱ्याशी वाद आहे त्याची भाषा अधिक शिकावी लागते. ती परत आणावी, आणि आणताना अभ्यासक्रम सुधारूनच आणावी. अमेरिकी परराष्ट्र सेवेच्या प्रशिक्षण संस्थेचा अंदाज असा की कामापुरती मँडरिन यायला 88 आठवडे, सुमारे 2200 तास लागतात, कँटनीजलाही तितकेच. भारतीय पदवीधराला इतके तास मिळत नाहीत. म्हणून जे मिळतात त्यांतले दहातला एक तास तरी पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धापासून वेगवेगळ्या वळणांची मँडरिन ऐकण्यासाठी राखावा: सिचुआनी, शांघायी, कँटनीज, तैवानी, ईशान्येकडची. परीक्षेच्या श्रवण भागात निदान एक उतारा प्रमाण नसलेल्या वळणाचा असावा, कारण परीक्षेत नसलेलं वर्गात टिकत नाही.

दुसरी चिनी भाषा बोलायला शिकायची घाई करू नये. मँडरिनचे दोन-तीन हजार शब्द आणि सूर पक्के होण्याआधी कँटनीजचे सहा सूर घेतले तर दोन्ही बिघडतात. नंतर मात्र कामाप्रमाणे एक निवडावी. मराठी भाषकाला वू आणि होक्किएन ऐकायला अनपेक्षितपणे सोप्या जातात, कारण तिथे प, फ, ब असे तिन्ही वेगळे असतात. कँटनीजसाठी जुळणीचे नियम, म्हणजे मँडरिनच्या कोणत्या ध्वनीच्या जागी तिथे कोणता येतो ते, आधी पाहावेत. मँडरिनमध्ये शेवटचा म गेला, प-त-क गेले. कँटनीजमध्ये ते राहिले. तीन म्हणजे 'सान' आणि 'साम', दक्षिण म्हणजे 'नान' आणि 'नाम', देश म्हणजे 'कुओ' आणि 'क्वोक', दहा म्हणजे 'षि' आणि 'सप'. हे शेवटचे प-त-क फोडून म्हणायचे नसतात. ओठ मिटले की तिथेच थांबायचं. मराठी माणूस सवयीने ते फोडतो.

पुण्यात बौद्ध ग्रंथांचा चिनी अनुवादांशी ताडून अभ्यास करण्याची जुनी परंपरा आहे, पालीचे अभ्यासक पु. वि. बापटांनी 1937 मध्ये 'विमुत्तिमग्ग' या चिनी अनुवादातून टिकलेल्या ग्रंथाची 'विसुद्धिमग्गा' या पाली ग्रंथाशी तुलना प्रसिद्ध केली होती. अशा अभ्यासकाला दक्षिणेच्या भाषा चैनीची गोष्ट नाहीत. बुद्धासाठीचं अक्षर मँडरिनमध्ये 'फो' आहे, त्यात संस्कृत शब्द ओळखू येत नाही. कँटनीजमध्ये ते 'फत', होक्किएनमध्ये 'हुत': शेवटचा त जागेवर आहे. 'नमो'साठी घेतलेल्या दोन अक्षरांतलं पहिलं कँटनीजमध्ये 'नाम' आहे. धर्मासाठीचं 'फा' हक्कात 'फाप' असं, प राखून आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या अनुवादकांनी काय ऐकलं, त्याचा माग मँडरिनपेक्षा या भाषांत लवकर लागतो.

आणि या भाषा दूर नाहीत. माझगावचं सी यप कून हे चिनी मंदिर 1919 चं आहे. ग्वांगदोंग या दक्षिणेकडच्या प्रांतातल्या चार तालुक्यांतून मुंबईत आलेल्या लोकांनी ते बांधलं. त्या प्रदेशाचं नाव मँडरिनमध्ये 'सि-यि'. मंदिराच्या नावात प आहे, कारण ते नाव देणारे मँडरिन बोलत नव्हते. कोलकात्याच्या टांगऱ्यातले चामड्याचे कारखाने हक्का लोकांनी उभे केले. दोन्हीकडे आता पूर्वीपेक्षा खूपच कमी कुटुंबं उरली आहेत, म्हणून त्यांची भाषा वेळेत नोंदवून ठेवायला हवी. चीनने 2015 मध्ये सुरू केलेल्या भाषा-संपदा जतन प्रकल्पाची पद्धत उपलब्ध आहे: प्रत्येक ठिकाणी एक हजार अक्षरांचे उच्चार, बाराशे शब्द, पन्नास वाक्यं; बोलणारे वयस्क आणि तरुण, पुरुष आणि स्त्रिया. शांतिनिकेतनचं चीना भवन हे चिनी अभ्यासाचं केंद्र 1937 पासून उभं आहे, मुंबई-पुण्यात भाषाविज्ञानाचे विद्यार्थी आहेत. चांगला रेकॉर्डर, शांत खोली आणि त्या कुटुंबांची संमती मिळाली, तर एका ठिकाणची यादी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत पूर्ण होते. सुरुवात सर्वांत वयस्क बोलणाऱ्यांपासून करावी, आणि शब्दांच्या आधी त्यांना मोकळेपणाने बोलू देऊन तासभराचं ध्वनिमुद्रण घ्यावं. यादी समोर आली की माणसं पुस्तकी उच्चार करू लागतात.